रसद कोण पाहतो?

लासूर स्टेशन, ता. गंगापूर,
जि. छत्रपती संभाजीनगर

प्रति,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेचे माननीय महापौर, सर्व नगरसेवक आणि माननीय आयुक्त यांस,



लासूर स्टेशन आपल्या हद्दीत येत नाही. इथला माणूस महापालिकेला मत देत नाही की घरपट्टी भरत नाही. तरीही शहराचा कारभार चांगला चालला की वाईट, याची झळ इथवर पोचते. आजारी माणसाला घाटी रुग्णालयात न्यायचे असते, खटला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात असतो, पोरगा वाळूजच्या कारखान्यात कामाला असतो, पोरगी शहरात खोली घेऊन शिकत असते. रेल्वेने पोटूळ आणि दौलताबाद ओलांडले की शहर येते. लासूरला खेटून वाहणारी शिवना पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. शहराच्या नळाला जे पाणी येते, त्यातले थोडे या गावावरून गेलेले असते. या नात्याने हे पत्र आहे.

बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव संपला की गप्पा शहरावर येतात. पाणी किती दिवसांनी आले, कचरा उचलला का, रस्ता कधी होणार. मग कोणीतरी हमखास म्हणतो, शहराला आता मिलिटरीतला माणूस पाहिजे, एका हुकमात सगळे सरळ करील. हे वाक्य पिंपळाच्या पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात सारखे ऐकू येते. त्यामागचा वैताग खरा आहे. पण सैन्यातले उत्तम नेतृत्व नेमके कशामुळे उत्तम ठरले, हे या मातीच्या इतिहासात शोधले तर उत्तर हुकमापाशी सापडत नाही. ते रसदीपाशी सापडते.

शोध दूर न्यायला नको. आपण ज्या शहराचा कारभार पाहता, ते शहर एका सेनापतीने वसवले. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या घरी कारभार शिकला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर राज्य संपल्यात जमा होते. अंबरने निजामशाही घराण्यातल्या मूर्तजाला गादीवर बसवले, विखुरलेले सैनिक गोळा केले आणि पुढची सव्वीस वर्षे मोगल फौजांना दख्खनमध्ये सुखाने राहू दिले नाही. जहांगीरचा राग इतका होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतो आहे, असे चित्र दरबारातल्या चित्रकाराने काढले. रणात जे जमले नाही ते कागदावर रंगवून घेतले गेले.

अंबरच्या लढाईची रीत मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. मोगल फौज मोठी, तोफखाना जड, बरोबर हत्ती, तंबू, बाजारबुणगे. तिच्याशी समोरासमोर भिडायचे नाही. मराठा बारगिरांच्या हलक्या तुकड्यांनी तिच्या मागे-पुढे राहायचे, धान्याचे तांडे अडवायचे, चारा जाळायचा, रात्री छापे घालायचे. पोट रिकामे झाले की फौज आपोआप ढासळते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूची हालचाल थांबली, छावणीत दाण्यागोट्याची टंचाई झाली, माणसे फुटू लागली आणि मग घाव घातला. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला. या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले.

आता याच माणसाने शहर कसे उभे केले ते पाहण्याजोगे आहे. १६१० च्या सुमारास त्याने खाम नदीकाठच्या खडकी या लहान गावी राजधानीचे शहर वसवायला घेतले. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. पण खरे काम जमिनीखाली होते. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीत झिरपू द्यायचे, उताराचा हिशेब ठेवून ते शहरापर्यंत आणायचे, वाटेत पाहणीसाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी उभी तोंडे ठेवायची आणि शेवटी हौदांतून, नळांतून वस्तीत सोडायचे. ही नहर-ए-अंबरी. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. पुढे तिच्या जोडीला आणखी नहरी आल्या. त्यांतल्याच एकीवर सतराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्की फिरू लागली आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाऊ लागले. अंबरने सुरू केलेल्या या व्यवस्थेने तीनशे वर्षांहून अधिक काळ शहराला पाणी पाजले. राजे बदलले, खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. पाण्याच्या वाटा मधली कैक वर्षे त्याच राहिल्या.

शत्रूची रसद तोडून जिंकणाऱ्या माणसाला रसद तुटली की काय होते, हे दुसऱ्या कोणापेक्षा जास्त ठाऊक होते. म्हणून आपल्या शहराची रसद त्याने जमिनीखाली, नजरेआड, वेढ्यातही चालू राहील अशी ठेवली. हा अर्थ त्याने कुठे लिहून ठेवलेला नाही. पण तलाव फोडणारा आणि नहर बांधणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याला जमिनीचा उतार पाठ होता, एवढे तर दिसते. १६१६ मध्ये रोशनगावला त्याचा पराभव झाला. काही मराठा सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. मोगलांनी खडकीत शिरून नव्या शहराची राखरांगोळी केली. अंबरने ते पुन्हा बांधले.

खेड्यांचेही असेच. जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची, प्रत्यक्ष पिकावर धारा आकारायचा, मक्तेदाराला मधून काढून गावच्या पाटलाशी हिशेब ठेवायचा, ही मलिक अंबरची महसुलाची पद्धत दख्खनमध्ये त्याच्या मागेही आदर्श मानली गेली. ज्या शेतकऱ्याच्या चाऱ्यावर घोडदळ जगते, तो शेतकरी टिकला पाहिजे, हे त्याला कळत होते. १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर खुद्द मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या युद्धकौशल्याचे आणि कारभाराचे मोकळ्या मनाने कौतुक केले.

याच धाग्यावर शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे. राज्याभिषेकाआधीच्या काळात चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी घोडदळाची छावणी पडली होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना महाराजांनी लिहिले. या पत्रात शौर्याची भाषा नाही. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानी उडवाल तर भर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे तुम्हीच ती मारली असे होईल. मग माणसे रयतेच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. गरिबीतही टिकून राहिलेले कुणबी गाव सोडून जातील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. राज्य उभारणारा माणूस उंदराचा आणि दिव्याच्या वातीचा विचार करतो आणि तो खालच्या कारकुनापर्यंत लेखी पोचवतो. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात हे पत्र भिंतीवर असावे, असे आग्रहाने वाटते.

सैन्याकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे पुढाऱ्याने उभे कुठे राहायचे. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी, दगडांनी, पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता. पहिल्याच दिवशी राणे मांडीला जखमी झाले, त्यांच्या तुकडीतली माणसे पडली. तरीही ते रणगाड्याखाली सरपटत पुढे जात राहिले आणि दोरीने चालकाला इशारे देत वाट मोकळी करत गेले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांचे काम काय होते? रस्ता करणे. ज्या ठिकाणी हुकमाचा परिणाम होतो, त्या ठिकाणी हुकूम देणारा स्वतः होता.

तिसरी गोष्ट अवघड आहे. वाईट बातमी वर सांगणे आणि ती वरच्याने ऐकणे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९-६० मध्ये चीनचा हल्ला कसा येईल, किती फौज लागेल, सीमेवरच्या चौक्या का टिकणार नाहीत, हे त्यांनी आराखडा करून कळवले होते. लखनौला त्यावर युद्धसरावही घेतला. वर ते कोणी मनावर घेतले नाही. १९६२ मध्ये सैनिक उन्हाळी कपड्यांत हिमालयात लढले. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. युद्धाचे डावपेच सेनापतींकडे सोपवायचे आणि निर्णयाची जबाबदारी स्वतः घ्यायची, ही शिस्त त्यांनी पाळली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि हवाई दलाची मागणी आली, तेव्हा चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमाने उडाली.

इथवर सैन्य आणि शहर एका वाटेने चालतात. पुढे वाटा फुटतात आणि ‘मिलिटरीचा माणूस आणा’ म्हणणाऱ्यांनी तिथे थांबून विचार करावा.

हा मुलूख प्रत्यक्ष लष्करी राज्यपालाच्या हाती राहून गेला आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. औरंगाबादही त्यांच्या ताब्यात आले. पाच दिवसांत निजामाची राजवट कोसळली आणि रझाकारांच्या दहशतीतून मराठवाडा सुटला. ती सुटका किती मोठी होती, हे ज्यांच्या घरांनी ती दहशत भोगली ते सांगू शकतात. मोहिमेचे सेनानी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले आणि १९४९ च्या अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये, जहागिऱ्या रद्द करण्याचा कायदा निघाला. एवढी सत्ता हाती असल्यानेच तो इतक्या लवकर झाला, हे मान्य करावे लागेल.

पण १९४८ च्या त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. संस्थान जिंकायला पाच दिवस लागले, पण गल्लीतल्या माणसाला गल्लीतल्या माणसापासून वाचवणे त्याच फौजेला अनेक ठिकाणी जमले नाही. त्यासाठी ओळखीची माणसे, गावातला विश्वास, तक्रार ऐकणारी जागा लागते. ती रणगाड्याबरोबर येत नाही.

सैनिकाने हुकूम मानायचा असतो, कारण त्याने तशी शपथ घेतलेली असते. नागरिकाने तशी शपथ घेतलेली नाही. हे विसरले की काय होते, ते शहराने २०१८ मध्ये पाहिले. नारेगावच्या परिसरात कित्येक वर्षे शहराचा कचरा टाकला जात होता. विहिरींचे पाणी बिघडले, माश्या, धूर, दुर्गंधी. आसपासच्या गावांनी वारंवार सांगितले. फेब्रुवारीत त्यांनी गाड्या अडवल्या, न्यायालयानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली आणि शहरात ढीग साचू लागले. मग दुसरी गावे शोधणे सुरू झाले. मार्चमध्ये मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्या गेल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, घरांत शिरून मारहाण असे सगळे झाले. पाठोपाठ आयुक्तांची बदली झाली. कचरा तिथेच होता. लष्करी भाषेत बोलायचे तर शत्रूच नसलेल्या ठिकाणी मोहीम काढली गेली होती. नारेगाव आणि मिटमिटा ही शहराच्या कडेची, पण लासूरसारखीच माणसांची गावे आहेत. शहराने त्यांच्याशी आधी बोलायला हवे होते, वर्षानुवर्षे आधी.

कचऱ्यावर उत्तर नसते असे नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला, सप्टेंबरात कचऱ्याने भरलेल्या सुरतमध्ये. सुरतहून लाखो लोक पळाले, त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबेही होती. पुढच्या वर्षी तिथे आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकाला पूर्ण अधिकाराचा प्रमुख दिला, रोज सकाळी सगळ्या अधिकाऱ्यांना रस्त्यावर उतरवले आणि रोज दुपारी त्यांचा आढावा घेतला. बड्या लोकांची अतिक्रमणे आधी पाडली, म्हणून गरिबांची पाडताना लोकांनी ऐकून घेतले. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतचे नाव घेतले जाऊ लागले. राव बदलून गेल्यावरही व्यवस्था पुष्कळशी टिकली, कारण ती एका माणसाच्या दराऱ्यावर बांधलेली नव्हती. इथे सैन्यातले सगळे चांगले आहे: पुढे उभे राहणे, खालच्याला अधिकार देणे, रोजची खबर घेणे. आणि लोकांचा विश्वास मिळवण्याचे शहरी कामही आहे.

आता आपल्या शहराकडे. महापालिकेच्या कायद्यात एक दुखणे मुळातच आहे. लोक महापौराला ओळखतात, पण अंमलबजावणीची सही आयुक्तांची. महापौराची मुदत अडीच वर्षे, आयुक्त कधी बदलतील ते मुंबईत ठरते. धरण जलसंपदा खात्याचे, जलवाहिनीचे काम जीवन प्राधिकरणाकडे, वीज महावितरणची. सैन्यात एका आघाडीला एक सेनापती असतो. इथे एका नळामागे पाच कार्यालये आहेत. त्यात एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहर लोकप्रतिनिधींशिवाय प्रशासकाने चालवले. हुकूम देणारा एकच माणूस असला की सगळे सुरळीत होते, हा समज त्या काळाने तपासून घेतला. आठवड्याचे पाणी त्या काळातही पिंपात साठवावे लागले.

पाण्याची कहाणी आपल्याला पाठ आहे, तरी एकदा सलग वाचावी. जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झाले. शहर ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर वाढत गेले. समांतर जलवाहिनी खासगी कंपनीकडे दिली गेली आणि २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये २५०० मिलिमीटरच्या जलवाहिनीसह १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे खर्च २७४० कोटींवर गेला आणि कामाच्या गतीवर खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. या सगळ्या काळात धरण भरलेले असतानाही शहराला आठ-आठ दिवसांनी पाणी मिळत राहिले. मराठवाड्यात याहून वाईट दिवस येऊन गेले आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. तो दुष्काळ होता. छत्रपती संभाजीनगरची अडचण दुष्काळाची नाही, रसदीच्या व्यवस्थेची आहे, आणि म्हणून ती माणसांना सोडवता येण्यासारखी आहे.

आपल्याकडे मागणे मोजके आहे. कोणत्या वसाहतीला कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ पाणी येणार, हे दर महिन्याला छापून प्रत्येक वॉर्डात लावावे आणि चुकले तर का चुकले हे दुसऱ्या दिवशी त्याच जागी लिहावे. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनी आणि त्या वॉर्डाच्या नगरसेवकाने जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर, पाणी यायच्या वेळी, स्वतः उभे राहावे. खालच्या अभियंत्याने ‘हे वेळेत होणार नाही’ असे लिहून दिले तर त्याची बदली करू नये. तो कागद सर्वसाधारण सभेत वाचावा. कचऱ्यासाठी किंवा सांडपाण्यासाठी हद्दीबाहेरची जमीन लागणार असेल तर आधी त्या गावच्या ग्रामसभेत येऊन बोलावे, पोलीस नंतर. नहरींचे जे भाग अजून शाबूत आहेत, त्यांच्यावर बांधकामाला परवानगी देऊ नये. आणि माननीय महापौरांनी पक्षाचा विचार बाजूला ठेवून राज्य शासनाकडे एवढे मागावे की योजना पूर्ण होऊन पहिले वर्ष सुरळीत जाईपर्यंत आयुक्त बदलू नयेत.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही. पहिले वेळापत्रक येत्या पाणीपुरवठ्याच्या फेरीपासून लावता येईल. ते लावावे, ही विनंती.

आपला,
लासूर स्टेशनचा एक रहिवासी